चकतीवरचे अठ्ठावन्न

दाफिनाबाईंचा कोणावरही विश्वास नव्हता. कोणावरही म्हणजे कोणावरही! दूधवालीकडचं दही त्या आधी हुंगायच्या, मग बोटानं चाखायच्या, आणि मग तिच्या नाकावर टिच्चून दुसरं भांडं उघडायला लावायच्या. एका डॉक्टरनं गोळी लिहून दिली की ती बरोबर आहे का हे विचारायला दुसऱ्याकडे जायच्या. नवरा कोस्टा, बिचारा शिंपी, जिवंत होता तोवर घरातल्या राकिया दारूच्या बाटलीवर पेन्सिलीची खूण असायची. कोस्टा दोन घोट मारून तेवढंच पाणी ओतायचा हे बाईंना ठाऊक होतं, आणि बाईंना ठाऊक आहे हे कोस्टालाही. एकतीस वर्षं असा संसार झाला. तो गेला तेव्हा ही बाई ओक्साबोक्शी रडली, आणि डॉक्टरनं हृदयविकार सांगितला तर म्हणाली, "कशावरून?"

अशा बाईला नोकरी काय मिळावी? आमच्या लिपोवदोलच्या बस डेपोत टॅकोच्या चकत्या तपासायची. माशाला पाण्यात सोडून वर पगार द्यावा तसं झालं ते.

टॅको म्हणजे ड्रायव्हरच्या पुढ्यातलं वेग दाखवणारं यंत्र. त्याच्या पोटात रोज सकाळी एक मेणाचा गोल कागद घालायचा, पंजाएवढा. त्यावर आपण आपल्या हातानं नाव लिहायचं आणि संध्याकाळी तो काढून बाईंच्या खिडकीत द्यायचा. दिवसभर आतल्या सुया त्या कागदावर ओरखडत राहतात. बाहेरच्या कडेला वेग, आतल्या बाजूला अंतर. अंतराची रेघ खालीवर करवतीसारखी जाते. एक चढ म्हणजे पाच किलोमीटर, एक उतार म्हणजे पाच. तुम्ही कुठे किती वेगानं गेलात, कुठे थांबलात, कुठे चहाच्या नावाखाली तासभर झोपलात, सगळं त्यावर उमटतं. मी, स्तोइल, या डेपोत सत्तावीस वर्षं बस चालवली, आणि त्यातली एकोणीस वर्षं ही बाई भिंग घेऊन माझ्या मानगुटीवर बसली होती. तिच्याबद्दल मी गोडगोड बोलेन अशी अपेक्षा करू नका.

चलाख्या आम्हीही कमी केल्या नाहीत. वासिलनं एकदा सुईच्या आड खोडरबराचा तुकडा अडकवला, म्हणजे सुई साठच्या वर सरकायलाच नको. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला खिडकीत बोलावलं.

"वासिल, तू बस चालवतोस की आगगाडी?"

"का हो बाई?"

"साठवर जाऊन रेघ अशी सरळ झालीय, जणू पट्टी धरून ओढलीय. माणसाचा पाय असा नसतो रे मेल्या. माणसाचा पाय थरथरतो. चल, किल्ली दे, गाडी बघू."

रबर निघालं. वासिल तीन महिने बस धूत बसला.

आमच्याकडे समोरून येणाऱ्या गाडीनं दिवे मिचकावले की समजायचं, पुढे पोलीस आहे. लगेच पाय ब्रेकवर. पोलीस मागे पडला की आपणही पुढच्याला मिचकावायचं आणि परत आपला वेग. सगळा देश असाच चालतो. आमच्या लेखी वेग म्हणजे पोलीस, दुसरं काही नाही. बाईंना हे कळलं की त्या तडकायच्या. "पोलिसाला चुकवाल रे, झाडाला कसं चुकवाल? झाड काही दिवे मिचकावत नाही!" आम्ही हसायचो. तोंडावर नाही, त्यांची पाठ वळली की.

मग डेपो सरकारचा राहिला नाही. दिमोव नावाच्या माणसानं तो घेतला. कोट चांगला, बूट चांगले, बोलणं तर काय मधात घोळवलेलं. पहिल्या दिवशी त्यानं प्रत्येकाशी हात मिळवला, आणि बाईंनी नंतर आपला हात रुमालाला पुसला. महिन्याभरात त्यानं वेळापत्रक बदललं. प्लोवदिव शहरापर्यंतच्या शहाण्णव किलोमीटरला दोन तास दहा मिनिटं लागायची, ती त्यानं पावणेदोन तासांवर आणली. मधले थांबे तेवढेच, घाट तोच, शेळ्या त्याच.

"साहेब, हे कसं जमायचं?" मी विचारलं.

"स्तोइल, तुझ्यासारखा मुरलेला ड्रायव्हर असं विचारतो?" तो म्हणाला आणि माझा खांदा थोपटला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

त्याच सुमारास, फेब्रुवारीत, चकत्यांचे नवे खोके आले. आणि त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. बाईंनी आम्हाला खिडकीत बोलावणं बंद केलं.

मी घाटाखालच्या सरळ रस्त्यावर काटा पंचाहत्तरवर ठेवून यायचो आणि वाट पाहायचो की आता हाक येईल. येईना. मार्च गेला, एप्रिल गेला. कोणालाच हाक नाही. डेपोतली सगळी मंडळी एकदम देवमाणसं कशी झाली? कुठंतरी पाणी मुरत होतं. वासिल म्हणाला, "म्हातारीचे डोळे गेले." दुसरा कोणी म्हणाला, "डोळे नाही गेले, दिमोवनं तिला खिशात घातली." मलाही तेच वाटलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या दह्यात केस शोधणारी बाई, आणि शेवटी हीसुद्धा मालकाची झाली! मनातून खूप बोललो मी तिला. आणि मनातून खूशही झालो, कारण आता पंचाहत्तरला कोणी हटकणार नव्हतं.

बाई मात्र डेपोत येता-जाता आमच्याकडे अशा बघायच्या, जणू आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या घरातलं काही चोरलंय. दर दोन-तीन दिवसांनी कुठल्या तरी बसच्या यंत्रात डोकं घालून बसायच्या. रबर शोधायच्या, सुई वाकवलीय का बघायच्या, सील तपासायच्या. काही सापडायचं नाही. एकदा माझ्या बसमधून उतरताना म्हणाल्या, "तुम्ही काय करताय ते मला कळत नाहीये. पण काहीतरी करताय." मी म्हणालो, "बाई, सुधारलोय आम्ही." त्यांनी माझ्याकडे एवढा वेळ पाहिलं की मीच नजर वळवली.

जूनमध्ये अपघात झाला. बस मिंचोची होती.

मिंचो म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, राइनाचा नवरा. त्याला या नोकरीत मीच चिकटवला होता. शांत, मान खाली घालून काम करणारा माणूस. सेल्चे गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून दगडी झरा आहे, तिथलं पाणी गोड म्हणून लोक पलीकडून रस्ता ओलांडून येतात. पेन्योकाका, वय एकाहत्तर, दोन कॅन भरून घरी परत निघाले होते. सकाळचे साडेदहा, ऊन लख्ख, रस्ता कोरडा. मिंचोच्या बसनं त्यांना उडवलं. ते जागच्या जागी गेले.

मी तासभर आधी त्याच रस्त्यानं गेलो होतो. पेन्योकाका तेव्हा झऱ्याच्या कठड्यावर बसले होते. मी हॉर्न दिला, त्यांनी टोपी उचलली.

तपासाला वरून अधिकारी आला. त्यानं बसमधली चकती काढली, आमच्याच बाईंकडून वाचून घेतली. अठ्ठावन्न. तिथं साठची पाटी आहे. म्हणजे मिंचो नियमात होता! राइना देवळात जाऊन मेणबत्ती लावून आली. मीही देवाचे आभार मानले.

पण मिंचोच्या जबाबात एक गाठ होती. तो म्हणत होता, "मला पेन्योकाका दिसले तेव्हा मी साठच्या पाटीपाशी होतो. ते रस्त्याच्या मधोमध होते. मी लगेच ब्रेक मारला." अधिकाऱ्यानं रस्त्यावर मोजायची टेप लावली. पाटीपासून त्या जागेपर्यंत सेहेचाळीस मीटर. त्यानं हिशेब केला आणि मान हलवली. म्हणाला, "अठ्ठावन्नच्या वेगानं तू चार मीटर अलीकडेच थांबला असतास. तू घाबरला होतास, तुला नीट आठवत नाहीये. म्हातारा शेवटच्या क्षणी पुढे आला असणार." मिंचो म्हणे, नाही. वकील म्हणे, अरे बाबा, गप्प बस, साहेब तुला वाचवतोय. आणि मी? मी त्याला डेपोच्या मागे नेलं आणि दंडाला धरून सांगितलं, "मिंचो, दोन पोरींचा बाप आहेस. म्हण की अचानक आले." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तसं म्हणाला.

कागदावर लिहिलं गेलं: मृत इसम अचानक धावत बससमोर आला. प्रकरण बंद, चकती डेपोत परत.

एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा, हातात पाण्याचे कॅन. तो धावत बससमोर का जाईल? गावाला उत्तर सापडायला किती वेळ लागतो! आठवड्यात सेल्चेत कुजबुज सुरू झाली की पेन्योनं जाणूनबुजून जीव दिला. घरात काहीतरी असणार. बायकोशी पटत नसणार. आमच्यात जीव देणं म्हणजे पाप, म्हणून धर्मगुरूसुद्धा जरा तुटकच वागले म्हणे.

आणि मग त्याची बायको, स्तान्काकाकू, डेपोत यायला लागली.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर, झाडांवर, बसथांब्यावर चिकटवतात. तिनं एक आमच्या फाटकावरही लावला होता. त्याच्या खाली उभी राहून ती एकेका ड्रायव्हरला थांबवायची. "तुझ्या बसमध्ये बसला होता ना तो गुरुवारी? काही बोलला का? चेहरा कसा होता? उदास होता का रे?" मलाही विचारलं तिनं. "त्या दिवशी सकाळी मी त्याला बोलले होते, घेवडा निवडून ठेवला नाही म्हणून. एवढंच बोलले. एवढ्यासाठी कोणी जातं का?" मी म्हणालो, "नाही हो काकू, तसं काही नसेल." आणि बसमध्ये चढून दार लावून घेतलं.

मिंचो सुटला खरा, पण स्टिअरिंगला हात लावेना. दिवसभर अंगणात बस धुवायचा. धुतलेली बस पुन्हा धुवायचा. राइना माझ्याकडे येऊन रडायची, "दादा, तो घरात बोलत नाही. जेवण पुढ्यात ठेवलं की बघत बसतो."

पाच आठवडे झाले असतील. वासिल येऊन म्हणाला, "म्हातारी मिंचोची चकती घेऊन बसलीय. तीन दिवस झाले." माझं डोकं फिरलं. प्रकरण मिटलंय, माणूस सुटलाय, आणि ही बाई आता उकरून काय काढतेय? दिमोवनं बसवलंय हिला, की हिचं स्वतःचंच काही आहे? मी तडक तिच्या खोलीत गेलो. मंगळवार होता, दुपारचे दोन. टेबलावर भिंग, चकत्यांचा ढीग, आणि एका ताटलीत न खाल्लेली चीजची बानित्सा.

"बाई, झालं ते झालं. मिंचो सुटलाय."

"कशानं सुटला?"

"चकतीनं!"

"मग चकतीच बघू की. बस." त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं. "ही वेगाची रेघ. दहा ते साडेदहा. सगळ्यात वर कुठे गेलीय?"

"अठ्ठावन्न."

"आता आतली करवत मोज. दहा ते साडेदहा."

मी मोजली. एक चढ, एक उतार. पुन्हा मोजली. साडेसहा.

"साडेसहा रेघा म्हणजे किती?"

"बत्तीस... तेहेतीस किलोमीटर."

"अठ्ठावन्नच्या वर एकदाही न गेलेली बस अर्ध्या तासात तेहेतीस किलोमीटर कशी जाते रे, स्तोइल? एकोणतीससुद्धा जाणार नाही. आणि तूही हिशेब शिकलायस."

त्यांनी नखानं चकतीच्या कडेवरचा एक बारीक छापील आकडा दाखवला. शंभर. मग उठून जुन्या खोक्यातली चकती आणली. तिच्यावर त्याच जागी होतं एकशे पंचवीस.

"आपल्या सगळ्या बसमधली यंत्रं एकशे पंचवीसची, म्हणजे तेवढ्या वेगापर्यंत मोजणारी, आहेत. त्यांना एकशे पंचवीसच्या चकत्या लागतात. फेब्रुवारीत जे खोके आले ते शंभरचे. सुई जाते तिथेच जाते, पण खालचा कागद दुसरंच बोलतो. शंभरला तो ऐंशी म्हणतो. आणि अठ्ठावन्न म्हणतो तेव्हा काटा असतो बहात्तरच्या पुढे."

त्या खुर्चीत बसल्या. मी त्यांना असं बसताना कधी पाहिलं नव्हतं, पाठ टेकून.

"चार महिने मी तुमच्या गाड्यांत रबर शोधत होते," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर संशय, सुयांवर संशय, सीलवर संशय. कागदावर घेतला नाही. जन्मभर माणसांवर संशय घेतला मी, छापलेल्या कागदावर कधीच नाही घेतला. त्या अधिकाऱ्याला अठ्ठावन्न मी वाचून दाखवलं. माझ्या तोंडानं."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला राइना दिसत होती. मी टेबलावर मूठ आपटली. "बाई, फाडा ती चकती! कोणाला कळणार आहे? मेलेला माणूस परत येणार आहे का? माझ्या बहिणीच्या पोरी लहान आहेत. मिंचोला आत टाकून तुम्हाला काय मिळणार? आणि तुमची सही आहे त्यावर, तुम्हीही जाल!"

"मी जाणारच आहे," त्या म्हणाल्या. "बाहेर चल."

त्यांनी खडू घेतला, टेप घेतली आणि अंगणात आल्या. डिझेलच्या पंपाशी खडूनं आडवी रेघ ओढली. "ही साठची पाटी. टेपचं टोक धर आणि चाल." मी का चाललो कोण जाणे, पण चाललो. "सतरा मीटरवर थांब. साठनं जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला माणूस दिसला. पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तेवढ्यात बस इथं आली. आता ब्रेक लागला. आणखी अठ्ठावीस चाल." मी चाललो. एकूण पंचेचाळीस. "साठची बस इथं थांबली. एक पाऊल पुढे ये. इथं पेन्यो उभा होता. जिवंत आहे तो. शिव्या देतोय ड्रायव्हरला."

मी त्या जागी उभा राहिलो.

"तिथून हलू नकोस. आता बहात्तरची बस. पाय ब्रेकवर जाईपर्यंत ती वीस मीटर आलीय. नुसती तीन मीटर जास्त, काय मोठंसं! पण ब्रेक लागायच्या वेळी तिच्या अंगात जो जोर असतो तो बाराच्या हिशेबानं वाढत नाही, जवळजवळ दीडपट होतो. तुझ्या जागी पोचेल तेव्हा तिचा वेग किती असेल? सांग की, सत्तावीस वर्षं चालवतोस."

"दहा," मी म्हणालो. "पंधरा."

"चव्वेचाळीस."

"काहीतरीच काय!"

"जिथं साठची बस थांबलेली असते, तिथं बहात्तरची चव्वेचाळीसनं जात असते. तीन दिवस मीही काहीतरीच म्हणत होते. मग दहा वेळा करून पाहिलं." त्यांनी खिशातून आणखी एक चकती काढली. माझं अक्षर मला लांबूनच ओळखू आलं. "ही त्याच सकाळची, तासभर आधीची. कागदावर एकसष्ट. म्हणजे शहात्तर. तू तर पन्नासनं आदळला असतास, स्तोइल. पेन्यो तेव्हा कठड्यावर बसला होता, एवढाच काय तो तुझ्यात आणि मिंचोत फरक."

मान वर केली तर बस धुण्याच्या जागेवर पाण्याचा आवाज थांबला होता. मिंचो नळी हातात धरून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"किती म्हणालात, बाई?" त्यानं विचारलं. "बहात्तर?"

"मिंचो, तू आत जा," मी ओरडलो.

"बहात्तरच होते," तो म्हणाला. "काटा मी पाहिला होता. दादा, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, मला ते पाटीपाशी दिसले. रस्त्यातच होते. एक कॅन टाकून त्यांनी हात वर केला, असा. साहेब म्हणाले भास झाला. वकील म्हणाला भास झाला. तू म्हणालास. शेवटी मलाही वाटायला लागलं की मला भासच होत असणार. रात्रंदिवस तो हात दिसतो, आणि सगळे म्हणतात हात नव्हताच." तो रडत होता, पण त्याचा चेहरा पाच आठवड्यांत पहिल्यांदा माणसासारखा दिसत होता. "बाई, लिहा तुम्ही. मी येतो बरोबर."

"आणि राइना?" मी म्हणालो. "तिचं काय?"

"राइनाशी मी बोलतो. तू नको बोलूस, दादा. तू खूप बोललास."

लागलं मला ते. लागायलाच हवं होतं.

बाई आधी दिमोवकडे गेल्या. मी दारात उभा होतो. तो हसत म्हणाला, "दुकानात तेच होते हो, दाफिनाबाई. मला काय कळतं त्या आकड्यांतलं?" त्याला खरंच कळत नव्हतं की पुरेपूर कळत होतं, ते आजवर सिद्ध झालेलं नाही. माझा संशय मात्र अजून गेलेला नाही, आणि जाणारही नाही. बाईंनी त्याच्या टेबलावर राजीनामा ठेवला, आणि त्यानं तो उचलून ड्रॉवरमध्ये घालेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मग आम्ही तिघं अधिकाऱ्याकडे गेलो. चकत्या दिल्या, माझीही दिली. जबाब पुन्हा लिहिले गेले. मिंचोवर खटला उभा राहणार हे त्याच दिवशी ठरलं.

परत येताना सेल्चेचा फाटा आला तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबव." मी म्हणालो, "आज नको, बाई. कोर्टाचं पत्र जाईलच तिला." त्या म्हणाल्या, "पत्रावर तिनं का विश्वास ठेवावा? गेल्या वेळीही पत्रच गेलं होतं."

स्तान्काकाकू व्हरांड्यात गहू निवडत बसली होती. दोन दिवसांनी पेन्योकाकांचा चाळिसावा दिवस होता, त्या विधीला शिजवलेले गहू लागतात. आम्हाला तिघांना बघून ती उठली नाही. मिंचोला तिनं ओळखलं, आणि तिचे हात ताटात तसेच राहिले.

बाईंनी चकती, आकडा, करवत, काहीच सांगितलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "स्तान्का, मी चुकीचं वाचलं होतं. बस जोरात होती. पेन्यो धावत आला नाही. तो आधीपासून रस्त्यात होता, चालत होता. ठरल्या वेगानं बस असती तर ती थांबली असती."

काकूनं मान वर केली. मग मिंचोला विचारलं, "तू पाहिलंस त्याला?"

"हो."

"काय करत होता?"

"एक कॅन टाकला त्यांनी. आणि हात वर केला." मिंचोनं हात वर करून दाखवला, पंजा पुढे. "थांब, असा."

"थांब, असा?"

"हो, काकू. थांब म्हणत होते."

"मग त्याला जायचं नव्हतं," ती म्हणाली. ताटातले गहू तिच्या बोटांतून सांडत होते आणि तिला कळत नव्हतं. "अगं दाफिना, त्याला जायचं नव्हतं. तो घरी येत होता." आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, जशी ती त्याला पुरतानाही रडली नसेल.

दाफिनाबाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. मिंचो हात खाली घेऊन तसाच उभा होता. बऱ्याच वेळानं काकूनं पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तू जा आता," ती म्हणाली. "तुझा राग यायचाय मला अजून. आज नाही येत."